एकशे बाविसावा

पुरुषाचा उजवा डोळा लवला तर लाभ, डावा लवला तर कटकट, बायकांचं उलटं. अंगावर पाल कुठे पडली की काय होतं, हे सांगणारी जुनी पंचांगं कोणता अवयव स्फुरला की काय होतं, तेही सांगून मोकळी व्हायची. दुष्यंताचा तर आश्रमात शिरताना बाहू स्फुरला आणि समोर शकुंतला उभी.

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी माझी डावी पोटरी आपोआप उडायला लागली, तेव्हा शकुंतला आली नाही. एएलएस आला. रात्री दोन वाजता, मोबाइलमधून.

स्नायूंना हुकूम सोडणाऱ्या चेतापेशी एकेक करून मरत जातात, तो हा आजार. वर्षाला लाखात साधारण दोघांना होतो, तोही बहुतेक उतारवयात. पण गिरणी कामगारांच्या घरांच्या सोडतीत ज्या घराण्याचा नंबर कधी लागला नाही, त्याचा या सोडतीत पहिल्या फटक्यात लागणार, याबद्दल रात्री दोनला तिळमात्र शंका उरत नाही.

स्टीफन हॉकिंगना हाच आजार. १९६३मध्ये, एकविसाव्या वर्षी निदान झालं आणि डॉक्टरांनी जेमतेम दोन वर्षं दिली. हा माणूस २००१च्या जानेवारीत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या परिषदेला आला, एकोणसाठावा वाढदिवस मुंबईत साजरा करून गेला आणि २०१८पर्यंत जगला. खरं तर यातून धीर यायला हवा. मी हिशेब केला तो असा: त्यांच्याकडे कृष्णविवरं होती, माझ्याकडे मंडळाच्या जमाखर्चाची वही आहे.

या आजारात नुसतं लवत नाही, ताकद जाते, असं कळल्यावर ताकद तपासणं आलं. चाळीच्या गॅलरीत मी टाचांवर चालून पाहिलं. मग चवड्यांवर. मग एका पायावर उड्या मारल्या, तेव्हा खालच्या काकूंनी झाडूच्या दांड्याने छत ठोकलं. शिंप्याकडची टेप आणून पोटऱ्या मोजल्या, तर डावी अर्धा इंच बारीक! आरशात जीभ काढून पाहिली, तर तीही थरथरत होती. शेजारचे काका म्हणाले, "बी-बारा कमी असेल." त्यांच्या सौ. म्हणाल्या, "दृष्ट लागलीय. लालबागात राहून दहा दिवस मिरवायचं म्हणजे..." आणि मीठ-मोहऱ्या घेऊन आल्या. मी दोन्ही उपचार घेतले.

शेवटी परळच्या आमच्या जुन्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी हातोडीने गुडघा ठोकला, बोटं दाबायला लावली, तळव्यावरून किल्ली ओढली.

"हातातून वस्तू पडतात? शर्टाची बटणं लावता येतात?"

"येतात. पण जीभ थरथरते."

"बाहेर काढून ठेवलीस तर कोणाचीही थरथरेल. आत ठेव. आणि पोटऱ्या काय, कोणाच्याच जुळ्या नसतात. गणपतीत झोपलास किती?"

मी गप्प.

"चहा?"

चहा मंडळाच्या मांडवात मोजून पीत नाहीत.

जागरण, चहा, ढोलाच्या तालावर चिंचपोकळीपर्यंत उडवलेले पाय आणि वरून काळजी. एवढ्यावर धडधाकट स्नायूसुद्धा उडतो, हे त्यांनी समजावलं. अमेरिकेच्या मेयो क्लिनिकने १९९३मध्ये छापलेला अभ्यासही सांगितला: नुसतंच लवणारे १२१ रुग्ण, पाठपुरावा कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त बत्तीस वर्षांचा, आणि हा आजार त्यांतल्या एकालाही झाला नाही.

"म्हणजे एकशे बाविसाव्याचं काय झालं ते कोणालाच माहीत नाही," मी म्हणालो.

डॉक्टरांनी चष्मा काढला. या भीतीने सगळ्यांत जास्त डॉक्टरच पछाडतात म्हणे. २०१३मध्ये दोघा मेंदूविकारतज्ज्ञांनी त्यावर निबंध लिहून तिला रीतसर नावही दिलं. कारण उघड आहे, ज्याला आजाराची नावं जास्त पाठ, त्याची झोप आधी उडते.

"मेडिकलला असताना माझाही दंड लवायचा," ते म्हणाले. "न्यूरॉलॉजीचं पुस्तक उघडलं त्याच आठवड्यात. मृत्युपत्र करायला घेतलं होतं. पण नावावर एक सायकल होती, तिच्यासाठी वकील कोण करणार? मग गेलो सरांकडे."

"सर काय म्हणाले?"

"म्हणाले, बाहेर बाकावर तुझ्याच बॅचची पोरं बसलीयत. त्यांना एकदमच आत बोलाव."