घोड्याला चंदी कोण घालतं?

‘एज ऑफ एम्पायर्स 2’ हा खेळ 1999 सालचा, म्हणजे आमच्या भाच्यापेक्षा वयानं मोठा. तरी सुट्टीत पोखर्णीला आला की पोरगं लॅपटॉप उघडून त्यातच बसतं आणि मी शेजारी. दुसऱ्याला लढाई शिकवण्याइतकं बिनधोक काम दुसरं नाही.

परवा त्यानं काही तलवारवाले एका दगडी किल्ल्यावर सोडले. शिडी नाही, दोर नाही, सुरुंग नाही. गडी सरळ तटाला भिडले आणि तलवारीनं दगड तोडायला लागले. वरून बाणांचा पाऊस, खाली यांची खणखण चालूच. थोड्या वेळानं किल्ल्यानं पेट घेतला. दगडानं! मग तो धाडकन खाली बसला.

“अरे, त्या तलवारीला धार तरी राहिली का?”

“मामा, गेम आहे तो. तुम्ही गप बसा ना जरा.”

गेम आहे हे मलाही कळतं. म्हणून तो भिक्षूही मी मुकाट्यानं सहन केला. हा हातात काठी घेऊन लांब उभा राहतो, काहीतरी पुटपुटतो आणि समोरून चालून येणारा अख्खा हत्ती माहुतासकट त्याच्या बाजूचा होतो. त्याहून कहर म्हणजे चीट कोड. एक ओळ टाइप केली की मध्ययुगात, भालेकऱ्यांच्या मधोमध, बंदुका लावलेली कोब्रा मोटार अवतरते.

आमचं गाव नृसिंहाचं. परभणी-परळी गाडीनं लोक दर्शनाला येतात ते त्याच्याच. त्यामुळे चीट कोड या विषयावर बोलायचा आम्हाला थोडा अधिकार आहे. हिरण्यकश्यपूनं वर मागतानाच सगळे कोड टाकून ठेवले होते. माणसाकडून मरण नको, पशूकडून नको, घरात नको, बाहेर नको, दिवसा नको, रात्री नको, शस्त्रानं तर नकोच. देवानं त्यातली एकही अट मोडली नाही. सांजवेळ साधली, उंबरठा गाठला, नखं काढली आणि नियमात बसवून काम उरकलं. मोटार बोलावली नाही.

पण हेही मी सोडून दिलं असतं. माझा खरा राग आहे तो त्या सैन्याच्या पोटावर. शिपाई तयार करताना एकदाच धान्य आणि सोनं मोजायचं. मग तो मरेपर्यंत घास खात नाही की घोट पीत नाही. शंभर घोडेस्वार शत्रूच्या दारात युगानुयुगं उभे करा, एकाही घोड्याला चंदी लागत नाही.

मराठवाड्यात राहणाऱ्या माणसानं हे कसं पचवायचं? 1296 साली अल्लाउद्दीन देवगिरीवर आला तेव्हा युवराज फौज घेऊन दूर गेलेला. रामदेवरावानं दरवाजे लावून घेतले. घाईघाईत पोती वर ओढली, धान्याची म्हणून. उघडून बघतात तर आत मीठ, असं सांगतात. तट जागच्या जागी, खडक तसाच आणि राजा तहाला बसला. भाच्याला हे सांगितलं तर म्हणतो, “यात मीठ नाहीच मामा. धान्य, लाकूड, दगड आणि सोनं, बस.”

तेव्हा कुठे त्या हत्तीचा उलगडा झाला. ज्यानं जन्मात कुणाचं मीठच खाल्लं नाही, तो मिठाला जागेल कशाला? कुणीही पुटपुटलं की फितूर.

मग मी त्याला पालखेडची गोष्ट सांगितली. फेब्रुवारी 1728. निजामाकडे अवजड तोफखाना, बाजीरावाकडे हलके, वेगवान स्वार. पेशव्यानं त्याला आपल्या मागं फिरव फिरव फिरवलं, वैजापूरच्या बाजूला अडचणीच्या जागी गाठलं आणि पाणी तोडलं, वैरण तोडली, रसद तोडली. तोफा डागायला लोखंड होतं, प्यायला पाणी नव्हतं. मोठी लढाई न होताच मार्चमध्ये मुंगी-शेवगावचा तह झाला.

“तू पण तसंच कर,” मी म्हणालो. “नुसता वेढा दे. हात लावू नको.”

त्यानं ऐकलं, हे विशेष. शत्रूच्या गावाभोवती स्वार उभे केले. आम्ही वाट बघतोय. चहा झाला, पोहे झाले. शत्रू तहानेनं व्याकूळ होईना. उलट आत तटाच्या कडेला त्यानं निवांत शेती मांडली होती!

ती शेती बघून मात्र मी खुर्चीवरून उठलो. 60 लाकडं दिली की शेत तयार. पेरा नाही, मृग नाही, खत नाही, विमा नाही. पाऊस तर अख्ख्या खेळात गरजेचाच नाही, तरी पीक बारमाही. परभणीला 1972 पासून कृषी विद्यापीठ आहे, ‘परभणी मोती’सारखं ज्वारीचं वाण त्यांनी दिलं, पण लाकडातून उगवणारं धान्य त्यांनाही अजून जमलेलं नाही.

भाचा म्हणाला, “मामा, धान्य जास्त झालं, विकू का?” आणि त्यानं मला खेळातला बाजार दाखवला. धान्य विकायला काढलं की प्रत्येक विक्रीला भाव खाली येतो. तेच घ्यायला जा, दर खरेदीला चढतो. लढाई लिहिणाऱ्यानं घोडा जवळून पाहिलेला नाही, हे माझं मत कायम आहे. पण बाजार ज्यानं लिहिला, तो गडी कधीतरी सोयाबीनची पोती घेऊन मोंढ्यात उभा राहिलेला असणार.