आग लागण्याआधी कामाला येणारा माणूस

बारावीचे निकाल लागले की तालुक्याच्या एसटी स्टँडबाहेर ‘फायर अँड सेफ्टी’ अभ्यासक्रमांचे फलक झळकतात. हेल्मेट घातलेला तरुण, मागे ज्वाळा, खाली ‘गल्फमध्ये नोकरीची संधी’. माझी तक्रार त्या ज्वाळांबद्दल आहे. या शिक्षणाचा निम्म्याहून जास्त उपयोग आग लागण्याआधी होतो, आणि तोच भाग आपल्याला नकोसा असतो.

जिन्याचं अग्निरोधक दार आपोआप मिटतं ते धूर जिन्यात शिरू नये म्हणून. आपण ये-जा सोपी व्हावी म्हणून त्याला विटेचा तुकडा लावून ठेवतो. विजेच्या तारांच्या डक्टमध्ये प्रत्येक मजल्यावरची भोकं बुजवलेली नसतील, तर मीटररूममधला धूर त्याच वाटेने वर चढतो. आग विझवायच्या पावडरच्या सिलिंडरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, हे कोणीही सांगेल. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला मात्र सहसा काटाच नसतो. तो भरलेला आहे की रिकामा, हे वजन केल्याशिवाय कळत नाही. किती सोसायट्यांत तो कधी काट्यावर ठेवला गेलाय? हे सगळं शिकलेली मुलं आपल्याकडे आहेत. त्यांना विचारतं कोण!

29 डिसेंबर 2017. मुंबईत कमला मिलच्या आवारातल्या आगीत 14 जण गेले. त्यातले बहुतेक स्वच्छतागृहात आसरा घेऊन गुदमरले. 9 जानेवारी 2021. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली, 10 बाळं गेली. बंब कितीही वेगाने आला, तरी धुरात अडकलेल्याला तेवढा वेळ नसतो.

कायदा नाही असंही नाही. महाराष्ट्राच्या 2006 च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीतली यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून घेऊन अग्निशमन अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. यालाच सगळे ‘फॉर्म बी’ म्हणतात. पण दोन दाखल्यांच्या मधले सहा महिने त्या इमारतीत कोण असतं? वॉचमन. त्याला होज रील उघडून दाखवायलाही कोणी सांगितलेलं नसतं.

देशाचं राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय 1957 पासून आपल्या नागपुरात आहे. मुंबईत कालिन्याला राज्याचं प्रशिक्षण केंद्र आहे. एवढ्यावर भागणार नाही. हा विषय आयटीआयत, कम्युनिटी कॉलेजात, जिल्ह्याजिल्ह्यात नीट शिकवला गेला पाहिजे, आणि शिकलेल्याला प्रत्येक मोठ्या रुग्णालयात, मॉलमध्ये, कारखान्यात पगारी जागा मिळाली पाहिजे. आज ती जागा खर्चाच्या यादीत सर्वांत आधी कापली जाते. हा सरळ सरळ निष्काळजीपणा आहे.

प्रवेश घेणाऱ्या मुलामुलींनो, फी भरण्याआधी दोन गोष्टी विचारा: या प्रमाणपत्राला कोणाची मान्यता आहे, आणि प्रात्यक्षिकं कुठे होतात? उत्तरात नुसतं गुळगुळीत माहितीपत्रक हातात आलं, तर तिथून उठा. आणि सोसायटीच्या सभासदांनो, येत्या सभेत ‘फॉर्म बी’ची प्रत मागा. ती फाइल उघडलेली पाहणं हा तुमचा हक्क आहे.