खजिनदार-महाभियोग-मीमांसा

१. व्याख्या. कोजागरीच्या मसाला दुधात न आढळलेले केशर हिशेबात आढळणे, आणि त्यायोगे खजिनदारास पदच्युत करण्याची सामुदायिक इच्छा उत्पन्न होणे, या अवस्थेस महाभियोग म्हणतात. दुबईच्या ऊद मेथा भागातील मराठी कुटुंबांत तिचा उद्भव प्रायः पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी होतो.

२. द्विसदन-विचार. अमेरिकी राज्यघटनेनुसार प्रतिनिधिगृह साध्या बहुमताने आरोप ठेवते. सिनेट दोन तृतीयांश मतांनी दोषी ठरवते. ऊद मेथात प्रथम सदन व्हॉट्सॲपवर भरते. द्वितीय सदन इंडियन हायस्कूलच्या फाटकापाशी, शाळा सुटेपर्यंत.

३. प्रकार.

(अ) एकमतन्यून. १८६८ मध्ये राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन एका मताने वाचले. स्थानिक परंपरेत हे मत खजिनदाराच्या साडूचे असते.

(आ) पूर्वपलायी. निक्सन यांनी ऑगस्ट १९७४ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या मतदानापूर्वीच राजीनामा दिला. येथे खजिनदार रात्री ग्रुप सोडतो. सकाळी चहाआधी त्यास पुन्हा घेतले जाते.

(इ) तटस्थ. भारतीय शाखेतील हा सर्वोच्च आविष्कार होय. न्या. पी. बी. सावंत यांच्या समितीने न्या. व्ही. रामस्वामी यांच्यावरील १४ पैकी ११ आरोप सिद्ध मानले. ११ मे १९९३ रोजी लोकसभेत ठरावाच्या बाजूने १९६ मते पडली, विरोधात शून्य, आणि २०५ सदस्य तटस्थ राहिले. सबब ठराव बारगळला. ऊद मेथातील समानार्थी सूत्र: “तुम्ही ठरवाल ते.”

४. संप्रदाय. दृश्यवादी म्हणतात, पातेल्यात तंतू दिसलाच पाहिजे. गंधवादी वासास पुरेसे प्रमाण मानतात. वर्णवादी पिवळ्या छटेवर संतुष्ट असतात. ती हळदीचीही असू शकते, हा दृश्यवाद्यांचा आक्षेप अद्याप अनुत्तरित आहे.

५. सिद्धांत. जॉन्सन, क्लिंटन आणि ट्रम्प या तिन्ही राष्ट्राध्यक्षांवर महाभियोग झाला, ट्रम्प यांच्यावर दोनदा. सिनेटने दोषी कोणासही ठरवले नाही. तेथे राष्ट्राध्यक्ष दूर झाल्यास उपराष्ट्राध्यक्ष सज्ज असतो. ऊद मेथात ती तरतूद नसल्याने हिशेबाची वही आरोपकर्त्याच्याच हाती येते, आणि दोन तृतीयांश मते कधीच जमत नाहीत. यास्तव, उत्तराधिकाऱ्याच्या अभावी दोष सिद्ध होत नाही.

विद्यमान खजिनदार पुढील वर्षीही कायम राहतील. वर्गणी आगाऊ द्यावी.