राणीला थंडी बाधते

दीपनगरात, म्हणजे भुसावळजवळच्या आमच्या वीज केंद्राच्या कॉलनीत, साप निघणं ही काही बातमी नाही. पाऊस सुरू झाला की क्वार्टरच्या न्हाणीघरात, गॅलरीतल्या कुंड्यांमागं, प्लांटमधल्या केबल ट्रेंचमध्ये, कुठंही निघतो. एकजण ओरडतो, दुसरा काठी आणतो, तिसरा शहाणा त्याच्या हातातली काठी काढून घेऊन सर्पमित्राला फोन लावतो. सर्पमित्र येईपर्यंत निम्मी कॉलनी जमते आणि घोणस की धामण यावर पैजा लागतात. तो येतो, हूक घालून ऐवज बरणीत घेतो, झाकणाला भोकं आहेत ना ते बघतो, साप दूध पीत नाही यावर दोन मिनिटं व्याख्यान देतो आणि निघून जातो. सुट्टीला आमच्याकडं येणारा माझा पुतण्या या गर्दीत कायम पहिल्या रांगेत. पोरगं धीट आहे, असं आमचं मत होतं. पोरगं प्रेमात पडतंय हे कळायला तो मिशिगनला नोकरीला लागावा लागला.

कळलं तेही आईमुळं. रविवारच्या व्हिडिओ कॉलवर त्याच्या खोलीतला सोफा दिसत होता. आईनं मोबाइल डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाली, "काय रे भो, ते मांगं काय लोयू राह्यलं?"

मी म्हणालो, होज पाइप असेल. आमच्या धंद्यात जाड, लांब आणि वेटोळं घातलेलं काही दिसलं की माणूस पाइपच म्हणतो. एवढ्यात पाइपनं मान वर केली.

ती राणी. आठ फुटांची बोआ कॉन्स्ट्रिक्टर. बोआ विषारी नसते, भक्ष्याला विळखा घालून आवळते. मूळची मध्य आणि दक्षिण अमेरिकेकडची, अंडी न घालता थेट पिल्लं देणारी. ही सगळी माहिती पुतण्यानं "घाबरू नका" या मथळ्याखाली दिली. त्यातलं "आवळते" एवढंच आमच्या घरानं उचललं. आई रामरक्षा म्हणायला लागली, माझी बायको म्हणाली, "लग्न कसं जमायचं याचं?" आणि जळगावहून भावाचा फोन आला की हे संस्कार दीपनगरच्या सुट्ट्यांतले आहेत. पुढं बरेच महिने घरात राणीचा विषय निघाला की सगळे खिडकीबाहेर बघायचे.

मग जानेवारीत तिला सर्दी झाली.

झालं असं की मिशिगनमध्ये बर्फाचं वादळ आलं. फांद्या तारांवर पडल्या आणि त्याच्या भागातली लाईट गेली ती दुसऱ्या दिवशीही येईना. "काका, इथं लाईट गेलीय," हे वाक्य अमेरिकेतून ऐकताना मला जो आनंद झाला तो लपवता आला नाही. मी रात्रपाळी करून नुकता आलो होतो. आमच्या इथं ५०० मेगावॉटचे दोन संच रात्रभर घुमत होते आणि तिकडं, जगाच्या राजधानीत, एका सापाला ऊब द्यायला शंभर वॉट मिळत नव्हते. ही गोष्ट दुपारपर्यंत माझी निम्म्या कंट्रोल रूमला सांगून झाली होती.

राणीला मात्र ते भोवलं. सापाच्या अंगात स्वतःची शेगडी नसते, बाहेर जेवढी ऊब तेवढीच आत. तिच्या काचेच्या पेटीत एका टोकाला ३२ अंश आणि दुसऱ्या टोकाला जरा कमी, असा कायमचा बंदोबस्त होता. तो बंद पडला. गरम पाण्याच्या पिशव्या, ब्लँकेट, पुतण्याचा स्वतःचा कोट, सगळं झालं. पण गारठ्यात सापाची प्रतिकारशक्तीही गारठते आणि एरवी तोंडात गुपचूप राहणारे जंतू खाली फुप्फुसात उतरतात. लाईट आल्यावर काही दिवसांनी राणी मान उंच करून, तोंड अर्धवट उघडं ठेवून बसू लागली. श्वासाला शिट्टीसारखा आवाज, नाकपुडीवर बुडबुडा. कॅमेरा जवळ नेऊन त्यानं तो दाखवला. काळ्या, दगडी चेहऱ्यावर तेवढी एकच ओली, थरथरणारी गोष्ट. फुगायचा, फुटायचा, पुन्हा फुगायचा.

आईनं तो बुडबुडा पाहिला आणि रामरक्षा थांबली. "माय वं," ती म्हणाली, "तिले तर सर्दी झाली."

त्या क्षणापासून राणी आमच्या घरची झाली. आठ फुटी सापाला काय म्हणावं हे आईला माहीत नव्हतं, पण सर्दी झालेल्या पोराला काय करावं हे तिला पाठ आहे. ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेक दे. निलगिरीची वाफ दे. छातीला व्हिक्स चोळ.

छातीला म्हणजे कुठं, हा प्रश्न माझ्या बायकोनं काढला आणि चर्चेला शास्त्रीय वळण लागलं. आठ फुटांत छाती कुठवर आणि पोट कुठून? पुतण्यानं तिकडच्या डॉक्टरला, म्हणजे फक्त साप, सरडे आणि पोपट बघणाऱ्या डॉक्टरला, हे खरोखर विचारलं. हृदय डोक्यापासून साधारण पाव ते तिसऱ्या हिश्शात. फुप्फुसं त्याच्या आसपास सुरू होतात, त्यातलं उजवं लांबच लांब, डावं आखूड. राणीचा एक्स-रे एका प्लेटवर मावलाच नाही, तुकड्या-तुकड्यांत काढावा लागला. व्हिक्स आणि निलगिरीला डॉक्टरनं दोन्ही हात जोडले. तसल्या उग्र वासांनी सापाची फुप्फुसं आणखी बिघडतात.

खरी गोची पुढं होती. सापाला खोकता येत नाही. आपल्या छाती-पोटामध्ये श्वासपटलाचा पडदा असतो, सापाला तो नसतो. त्यामुळं जोर लावून कफ बाहेर फेकायची सोय नाही. हे ऐकल्यावर मला तिची अडचण एकदम समजली. लांब पाइप, एक टोक बंद, आत पाणी साठतंय आणि ड्रेन व्हॉल्व्हच दिलेला नाही. असं डिझाइन आमच्याकडं कोणी पास केलं नसतं.

मी आमच्या ओळखीच्या जनावरांच्या डॉक्टरांनाही गाठलं. भल्या माणसानं म्हशीला इंजेक्शन देता देता सगळं शांतपणे ऐकून घेतलं. वजन विचारलं, चारा-पाणी विचारलं. पेशंट मिशिगनला आहे म्हटल्यावर सुई पुसत म्हणाले, "मग व्हिजिटला जमायचं नाही."

उपचार असा ठरला. श्वासनलिकेतून नमुना घेऊन कोणते जंतू आणि त्यांना कोणतं औषध लागू पडतं ते प्रयोगशाळेत बघायचं. तोवर पेटी रात्रंदिवस ३० अंशांच्या आसपास ठेवायची. सलाईनचं नेब्युलायझर. आणि सेफ्टाझिडिम नावाचं प्रतिजैविक, किलोला २० मिलिग्रॅम या हिशेबानं, दर ७२ तासांनी. इंजेक्शन अंगाच्या पुढच्या भागात द्यायचं, कारण शेपटाकडचं रक्त आधी मूत्रपिंडातून जातं. कालवलेलं औषध टिकत नाही म्हणून डॉक्टरनं सिरिंजा भरून गोठवून दिल्या. पुतण्याच्या फ्रीजरमध्ये एका बाजूला आईनं पाठवलेल्या पुरणपोळ्या, मधे सिरिंजा आणि पलीकडं राणीचे गोठवलेले उंदीर. शेवटचा खण माळकरी आजीला दाखवायचा नाही, असा काका-पुतण्यांत करार आहे.

बिल ऐकून भाऊ म्हणाला, एवढ्यात भुसावळला दुभती म्हैस आली असती. आई म्हणाली, "म्हशीले सर्दी झाली तर सोडून देतो का?" भावानं विषय सोडला.

७२ हा आकडा ऐकून मला नीलिमकुमार खैरे आठवले. १९८० साली पुण्यात ते ७२ विषारी सापांसोबत काचेच्या खोलीत ७२ तास राहिले होते. पुढं १९८६ मध्ये कात्रजचं सर्पोद्यान त्यांच्याच पुढाकारानं उभं राहिलं. पुतण्याला वाटलं, काका धीर देतोय. मला म्हणायचं होतं की त्या माणसानं ७२ साप सांभाळले, तुला एक धरवेना? पहिल्या इंजेक्शनला राणीनं अंग असं वळवलं की सुई गादीत गेली. मग रूममेटनं, जो तोवर सापाच्या खोलीत पाय ठेवत नव्हता, डोळे मिटून तिचं मधलं अंग मांडीवर धरलं. आईनं इकडं कालनिर्णयवर दर तिसऱ्या दिवशी लाल गोल केला होता. दूधवाला, गॅस, राणी, अशा क्रमानं ते कॅलेंडर भिंतीवर होतं.

"जेवते का ते?" आई रोज विचारायची. आजारात सापाला खाऊ घालत नाहीत, पचत नाही, हे तिला पटेना. शेवटी पुतण्यानं सांगितलं की राणी बरी असतानाही पंधरा दिवसांनी एकदाच जेवते.

"म्हणजे दर एकादशीले जेवते?"

"आजी, उलट. एकदा जेवते, मग उपास."

आईनं हा हिशेब मनात फिरवला आणि राणी पंधरा दिवसांचा उपास करणारी म्हणून तिची प्रतिष्ठा एकदम वाढली. तिला इकडंच घेऊन ये, असा हुकूम निघाला. ऊबच पाहिजे ना? खान्देशात ऊब कमी आहे का? मी म्हणालो, तिला ३२ लागतात, आपल्याकडं मे महिन्यात ४५ असतात, ती दगावेल. शिवाय कायदा आहे. आपल्याकडचा अजगर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे, त्याला घरात ठेवणं म्हणजे तुरुंगाची तयारी. राणी परदेशी म्हणून तिचा नियम निराळा, पण आयातीची परवानगी, २०२४ च्या नियमांप्रमाणं परिवेश पोर्टलवर नोंदणी, हे सगळं आलंच. "मंग कागद कर," आई म्हणाली. मी वीज खात्यातला माणूस. कागदाला भीत नाही, पण आठ फुटी कागद कधी केला नव्हता.

हळूहळू बुडबुडे थांबले. शिट्टी बारीक झाली, मग गेली. राणी मान खाली टेकून झोपू लागली, तिनं अखंड कात टाकली आणि मार्चच्या शेवटी पहिलं जेवण घेतलं. जेवणात काय होतं ते आईला "तिकडचं काहीतरी" एवढंच कळलं.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडं खान्देशात कानबाई देवी बसते. तिच्या प्रसादाच्या रोटांसाठी घरातल्या माणसांच्या नावानं गहू मोजून घ्यायचे असतात. आई पाटावर बसून मोजत होती. भावाचे, माझे, पुतण्याचे. मग थोडं थांबून तिनं आणखी गहू घातले. बायकोनं माझ्याकडं बघितलं. मी विचारलं, हे कोणाचे?

"तिचे. बोलले होते मी कानबाईले."

रोट आमच्याकडं घरच्यांनीच खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत, पानात टाकायचेही नाहीत. व्हिडिओ कॉलवर राणी सोफ्यावर निवांत पडली होती. पुतण्या म्हणाला, ती गहू खात नाही. आईनं ताटातला तो जाडजूड रोट उचलला, तूप सोडलं आणि माझ्या पानात वाढला. "तू खा तिच्या वाटणीचा. लाईट गेली तवा तूच हसत होता."