झुंबरातले बल्ब

‘३००’ या सिनेमातले स्पार्टन थर्मोपिलीच्या खिंडीत उघड्या छातीने लढले, तेव्हा सोलापुरात कुणाची भुवई हलली नाही. मे महिन्यात आम्हीही तसेच बसतो. त्यांच्याबरोबर उभे राहिलेले सातशे थेस्पियन शीर्षकातूनच गळाले, त्याचंही इथं कुणाला सुतक नाही. ग्रीकांचं ग्रीक बघून घेतील.

पण २०२२च्या डिसेंबरात ‘वेडात मराठे वीर दौडले सात’ची झलक आली आणि शिवाजी महाराजांच्या मागे झुंबरात बल्ब! एडिसनच्या दिव्याआधी दोनशे वर्षं. भुईकोट किल्ल्यासमोर कडक भाकरीवर शेंगाचटणी पसरत मित्र म्हणाला, “तापतोस कशाला बे? स्वराज्यात लोडशेडिंग नव्हतं, एवढं तर दाखवलं की!”