खऱ्या वॉलंडरचा पंचनामा

खून झाला की पोलिसांना खुनी शोधावा लागतो. ‘वॉलंडर’च्या प्रेक्षकांना मात्र आधी पोलीसच शोधावा लागतो. तीन जण हजर आहेत, तिघेही शपथेवर सांगतात की मीच कुर्ट वॉलंडर, आणि प्रत्येकाच्या मागे साक्षीदारांची फौज उभी आहे. कुठलीही फौज दुसरीचं ऐकून घ्यायला तयार नाही.

आधी फिर्याद समजून घेऊ. कुर्ट वॉलंडर हा स्वीडनच्या दक्षिण टोकाला, स्कोना प्रांतात, ईस्ताद नावाच्या समुद्रकाठच्या छोट्या गावातला पोलीस अधिकारी. हेनिंग मांकेल यांनी 1991 साली पहिल्या कादंबरीतून त्याला कामावर रुजू करून घेतलं. नाव टेलिफोन डिरेक्टरीतून उचललं. बायको सोडून गेलेली, मुलीशी धड बोलणं नाही, झोप खुर्चीत, जेवण मिळेल तिथे आणि मिळेल ते, परिणामी पुढच्या एका पुस्तकात मधुमेह. करमणूक म्हणजे ऑपेरा. एवढ्या भांडवलावर हा माणूस जगभर गाजला.

मग तो पडद्यावर आला. आधी रोल्फ लासगोर्ड: आडदांड, तापट, नऊ चित्रपट. मग 2005 ते 2013 क्रिस्टर हेन्रिकसन: शांत, थोडा खट्याळ, बत्तीस चित्रपट. दरम्यान 2008 मध्ये बीबीसीनं केनेथ ब्रानाला ईस्तादला धाडलं. तो 2016 पर्यंत बारा भागांत दाढी न करता हिंडला. एकूण त्रेपन्न. एवढा ऐवज हाती आल्यावर प्रेक्षकांनी भांडायचं नाही तर काय करायचं?

पहिला पक्ष ‘पुढे सरका’वाल्यांचा. यांची तक्रार अशी की दीड तासाच्या भागात इन्स्पेक्टर वीस मिनिटं खिडकीबाहेर बघतो आणि उरलेल्या वेळात गाडी चालवतो. शिवाय खुनी कोण ते आपल्याला अर्ध्यातच कळतं, मग बसायचं कशाला? या मंडळींना दोन गोष्टी सांगायला हव्यात. एक, मांकेल यांनी कितीतरी कादंबऱ्यांत खुन्याची बाजू मुद्दाम आधीच उघडी केली आहे. खून कुणी केला यापेक्षा का केला, यात त्यांना जास्त रस होता. दोन, मांकेल यांचे सासरे म्हणजे चित्रपट दिग्दर्शक इंगमार बर्गमन. ज्या घरात शांतता हा कौटुंबिक व्यवसाय आहे, तिथल्या जावयाकडून पाठलाग आणि गोळीबाराची अपेक्षा ठेवणारा प्रेक्षक चुकीच्या लग्नाला आलेला आहे.

दुसरा पक्ष ‘किती हो उदास’वाल्यांचा. सगळीकडे अंधार, असं हे लोक सांगतात. यांनी मालिका बहुधा पडदे लावून, आवाज बंद करून पाहिली असावी. ब्रानाच्या मालिकेचा पहिला भागच उघडतो तो मोहरीच्या जातीच्या पिवळ्याधमक फुलांच्या शेतात, लख्ख उन्हात. आभाळ निळं, वारा मंद. त्या शेतात एक कोवळी मुलगी अंगावर पेट्रोल ओतून घेते आणि इन्स्पेक्टरच्या डोळ्यांदेखत पेटते. तेव्हा उजेडाची कमतरता नाही. त्या उजेडात जे दिसतं ते नको असतं, आणि नाव मात्र हवामानाचं पुढे केलं जातं.

याच्या बरोबर उलट्या टोकाला उदासीचे भोक्ते. काळी कॉफी, करडा स्वेटर, चेहऱ्यावर जागतिक विषाद. ‘वॉलंडर’चं कौतुक करता करता हे लोक इन्स्पेक्टर बाईंच्या त्या सुप्रसिद्ध लोकरी स्वेटरपर्यंत पोहोचतात. तो स्वेटर सारा लुंडचा. सारा लुंड कोपनहेगनची, मालिका वेगळी, देशही वेगळा. पण स्कोना प्रांत 1658 पर्यंत डेन्मार्कचाच होता, त्यामुळे एवढ्या चुकीला जुन्या नकाशाचा आधार काढून माफी देता येईल.

आता मुख्य आरोपी: अस्सलवाले. हा पक्ष सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत ठाम. स्वीडिशच बघा, सबटायटल लावून बघा, इंग्रजी ‘वॉलंडर’ ही नक्कल आहे, असा यांचा जाहीरनामा. ब्रानाच्या मालिकेत गंमत आहेच. ईस्तादमधला हवालदारापासून बेकरीवाल्यापर्यंत प्रत्येक जण स्वच्छ ब्रिटिश इंग्रजी बोलतो, पण त्याच्या हातातलं वर्तमानपत्र स्वीडिश, ठाण्याची पाटी स्वीडिश आणि मुडद्याच्या खिशातली चिठ्ठीही स्वीडिश. सगळं गाव वाचतं एका भाषेत आणि बोलतं दुसऱ्या. हसायचं तेवढं हसून घ्या.

हसून झालं की कागदपत्रं तपासा. अस्सल म्हणून ज्यांची शपथ घेतली जाते त्या हेन्रिकसनच्या बत्तीस चित्रपटांपैकी मांकेल यांच्या पुस्तकांवर बेतलेले अगदी मोजके. सुरुवातीचा एक, शेवटच्या पर्वातला एक, बाकी बहुतेक कथानकं पडद्यासाठी नव्यानं रचलेली. आणि नक्कल म्हणून ज्याला हाकलायचं ठरलंय त्या ब्रानाच्या मालिकेची कथानकं मांकेल यांच्या पुस्तकांतून आलेली. म्हणजे अस्सलवाले ज्या गोष्टींसाठी भांडतात त्या पुस्तकात नाहीत, आणि ज्या पुस्तकात आहेत त्या ‘तोतया’च्या ताब्यात सापडल्या.

अजून एक पुरावा. वॉलंडर स्कोनाचा. स्कोनाची बोली उरलेल्या स्वीडनला दुरून ओळखू येते आणि तिची भरपूर थट्टाही होते. लासगोर्ड मात्र उत्तरेकडच्या ओस्टरसुंडचा आणि हेन्रिकसन स्टॉकहोमच्या वरच्या अंगाच्या किनाऱ्यावरचा. दोघांच्याही तोंडी स्कोनाची बोली नाही. कोल्हापूरच्या फौजदारानं सदाशिव पेठी मराठीत चौकशी करावी, त्यातला प्रकार. आपल्याला सबटायटलमध्ये हे दिसत नाही, म्हणून आपण त्याला अस्सल म्हणतो. अस्सलपणाची परीक्षा ज्याला ती भाषा येत नाही त्यानं घ्यायची, हा नियम मालिकांच्या जगात फार सोयीचा आहे.

या सगळ्यात हाल झाले ते लासगोर्डचे. तो स्वीडिशही आहे आणि पुस्तकांतूनही आलेला आहे. दोन्ही कसोट्यांवर उत्तीर्ण. पण बाहेरच्या जगात गाजावाजा झाला तो नंतरच्या दोघांचा, त्यामुळे खऱ्या-खोट्याच्या भांडणात त्याला साक्षीलाही कुणी बोलावत नाही. पहिला आलेला विद्यार्थी सत्काराच्या यादीतून गळावा, तशी ही गत.

एक छोटा पण निष्ठावान पक्ष लोकीभक्तांचा आहे. ब्रानाच्या हाताखाली मार्टिन्सन नावाचा तरुण अधिकारी आहे, तो टॉम हिडलस्टन. पुढे ब्रानानंच 2011 मध्ये ‘थॉर’ दिग्दर्शित केला आणि हा पोरगा लोकी झाला. हे भक्त अख्खी मालिका त्याच्यासाठी बघतात. वॉलंडर रडला काय, हसला काय, यांचं लक्ष मागच्या टेबलाकडे. या सगळ्या भांडणात सुखी एवढेच.

हिशेबनीस पक्षही आहे. एवढ्याशा गावात इतके खून? यांचं गणित बिनचूक आहे. साधारण एक कोटी वस्तीच्या अख्ख्या स्वीडनमध्ये वर्षाला शंभराच्या आसपास खून होतात. 2012 मध्ये तर ते सत्तरीच्याही आत होते. त्यातला इतका मोठा वाटा वीसेक हजारांच्या ईस्तादनं उचलणं हे जरा जास्तच. पण ईस्तादकरांनी तक्रार केलेली नाही. गावात चित्रीकरणाचा स्टुडिओ उभा राहिला, पर्यटक नकाशा घेऊन वॉलंडरचं घर असलेली मारियागातान शोधू लागले. कागदावरच्या मुडद्यांनी गावाला दिलेला रोजगार खराखुरा आहे.

एका वादात मात्र टोमणे बाजूला ठेवायला हवेत. हेन्रिकसनच्या पहिल्या पर्वात वॉलंडरची मुलगी लिंडा ही स्वतःही पोलिसात येते. ती भूमिका करणाऱ्या योहाना सेल्स्ट्रोम यांचं 2007 मध्ये अकाली निधन झालं. मांकेल यांनी लिंडाला घेऊन तीन कादंबऱ्या लिहायचं ठरवलं होतं. पहिली झाली होती, पुढच्या त्यांनी सोडून दिल्या. दुसऱ्या पर्वात लिंडा नाही, तिसऱ्यात दुसरी अभिनेत्री. पर्वांची तुलना करून ‘मजा गेली’ म्हणणाऱ्यांनी एवढं ठाऊक ठेवून म्हणावं.

टोमण्यांकडे परत यायला नेटफ्लिक्सनं सोय करून ठेवली आहे. 2020 मध्ये ‘यंग वॉलंडर’ आला. तरुण वॉलंडर, आजचा काळ, खिशात स्मार्टफोन. पुस्तकाच्या हिशेबानं वॉलंडरचा जन्म 1948 चा, म्हणजे 2020 साली त्यानं सत्तरी ओलांडलेली. गोष्ट माल्मोमधली, चित्रीकरण लिथुआनियात, भाषा इंग्रजी. काळ, गाव आणि बोली असे तिन्ही दाखले बदलून मिळालेला माणूस. अस्सलवाले आणि ब्रानावाले यांच्यात सलोखा घडवायचाच असेल तर दोघांना एका सोफ्यावर बसवून हेच लावावं.

आता मूळ गुन्ह्याकडे. मांकेल बराच काळ मोझांबिकमध्ये राहिले, तिथे मापुतोत नाटक कंपनी चालवली. तिथून परतल्यावर त्यांना मायदेशात परक्यांबद्दलचा द्वेष वाढलेला दिसला. त्यावर लिहायचं तर गुन्ह्याची गोष्ट लिहावी आणि गुन्ह्याच्या गोष्टीला पोलीस लागतो, म्हणून वॉलंडर. पहिल्याच कादंबरीत एका शेतकरी जोडप्यावर हल्ला होतो, मरताना बाई परदेशी माणसांकडे बोट दाखवून जाते, बातमी फुटते आणि निर्वासितांच्या छावणीवर लोक चालून जातात. या सगळ्या कादंबऱ्या स्वीडनच्या अस्वस्थतेबद्दल आहेत, असं मांकेल यांनी नंतर स्वतःच लिहून ठेवलं. ही अस्वस्थता ओसरलेली नाही. 2022 च्या निवडणुकीत स्थलांतराला विरोध करणारा स्वीडन डेमोक्रॅट्स हा पक्ष मतांमध्ये दुसऱ्या क्रमांकावर आला.

म्हणजे लेखकानं देशाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं, आणि आपण तीस वर्षं इन्स्पेक्टरच्या दाढीवर बोलतोय. तिन्ही नटांनी खांदे पाडले ते या ओझ्यानं. ते ओझं लक्षात न घेता वॉलंडरच्या उदासीचं कौतुक करणारा आणि त्याच उदासीला कंटाळणारा, दोघेही एकाच बाकावर बसलेले आहेत. दोघांनीही तक्रार न वाचताच सही केली आहे.

शेवटच्या कादंबरीत मांकेल यांनी वॉलंडरला अल्झायमर दिला. ती 2009 ची, आणि हेन्रिकसनच्या अखेरच्या पर्वातही तेच होतं. त्यावरही दोन तट पडले. इतकी वर्षं इमानेइतबारे नोकरी केलेल्या माणसाला असा निरोप का, असं एका तटाचं म्हणणं. आमचं मत दुसऱ्या बाजूला. देशाच्या जुन्या खुणा लक्षात ठेवणारा हा शेवटचा माणूस, तोच विसरू लागतो. लेखकाला याहून कठोर आरोपपत्र दाखल करता आलं नसतं. तिथे गोडवा शोधणाऱ्यांनी दुसरं चॅनेल लावावं.

पंचनामा संपला, निकाल देऊन मोकळे होतो. गोष्टीसाठी लासगोर्ड बघा. माणसासाठी हेन्रिकसन बघा, पण त्याला अस्सल म्हणून मिरवू नका. आभाळासाठी आणि पिवळ्या शेतांसाठी ब्राना बघा, आणि त्याला नक्कल म्हणण्याआधी एखादं पुस्तक उघडा. तरुण वॉलंडरला पुराव्याअभावी सोडून देण्यात येत आहे. या निकालावर अपील चालणार नाही.