डाउनटाइम किती मिळेल?

हिंजवडीतल्या कुठल्याही जुन्या आयटी कंपनीत एक तरी डीबीए असतोच. पन्नाशीला टेकलेला, चष्मा कपाळावर आणि बोलणं हो-नाहीत आटपणारा. पण डेटाबेस क्लाउडवर हलवायचा विषय निघाला, की हा गृहस्थ मुलीच्या बापासारखा चौकशा सुरू करतो.

मॅनेजर म्हणतात, "लिफ्ट अँड शिफ्ट करून टाकू." तरुण आर्किटेक्ट म्हणतो, "त्यापेक्षा पोस्टग्रेसवरच जाऊ. ओरॅकलचं लायसन वाचेल." डीबीए चहाचा कप खाली ठेवतो.

"डाउनटाइम किती मिळेल?"

"शनिवारची रात्र."

"डेटा 1 टेराबाइट, लाइन 100 एमबीपीएसची. एका क्षणाचीही खोटी न होता चालली तरी 22 तास. तुमच्याकडची रात्र केवढी असते?"

म्हणजे डंप काढून तिकडे चढवायचा बेत बारगळला. उरलं रेप्लिकेशन: आधी सगळा डेटा न्यायचा, मग चालू बदल मागोमाग पाठवत राहायचे आणि शेवटी घटकाभर थांबून गाडीचे रूळ बदलायचे. हेच बरोबर, हे त्यालाही माहीत असतं. पण लगेच हो म्हटलं तर तो डीबीए कसला!

"एडब्ल्यूएसची डीएमएस टेबलं आणि प्रायमरी की नेईल, बाकीचे इंडेक्स आणि सिक्वेन्स कोण नेणार? लिमिटेड लॉब मोडमध्ये ठरलेली मर्यादा 32 केबी, त्यापुढचं कापलं जातं. ग्राहकांची स्कॅन केलेली कागदपत्रं अर्धीच चालतील का?" मग आर्किटेक्टकडे वळून, अगदी मऊ आवाजात, "आणि ओरॅकलला रिकामी स्ट्रिंग म्हणजे नल. पोस्टग्रेसला ती वेगळी. आपल्या किती क्वेऱ्यांत 'इज नल' आहे, मोजलंत?" आर्किटेक्ट लॅपटॉपमध्ये डोकं घालतो.

याच्या एक्सेल शीटचा शेवटचा रकाना 'परतीची वाट'. नवीन डेटाबेसमधून जुन्याकडे उलटं रेप्लिकेशन लावल्याशिवाय सही नाही म्हणजे नाही.

कटओव्हरच्या रात्री मात्र तो खुशीत असतो. बाकरवडीचा पुडा उघडतो. रो काउंट जुळले म्हणून पोरं टाळ्या वाजवतात, तेव्हा हा चेकसम लावत बसलेला. काउंट जुळला म्हणून आकडे जुळतातच असं नाही, हे त्याचं म्हणणं खरंही आहे आणि वैतागवाणंही.

असा माणूस तुमच्याकडे असेल, तर मायग्रेशन होईस्तोवर त्याची रजा मंजूर करू नका.